मोटारीवरची धूळ

आमच्या चांद्याला नवी मोटार घेणे ही जितकी हौसेची तितकीच धीराची गोष्ट आहे. सरकारदरबारी गावाचे नाव चंद्रपूर होऊन साठ वर्षे झाली; पण धुळीचा विषय निघाला की आमच्या पिढीच्या तोंडी चांदाच येतो, आणि तेच बरे, कारण या धुळीची कुळकथा चांद्याइतकीच जुनी आहे. दसऱ्याला आणलेली गाडी दिवाळीच्या पाडव्यापर्यंत नवी राखून दाखवावी, अशी पैज मी कोणाशीही लावायला तयार आहे. गाडी वाईट नसते, मालकही आळशी नसतो. आठ दिवसांत टपावर जे बसते ते एका दिवसाचे नसून दीडशे वर्षांचे असते, एवढेच.

मोटार धुण्यावरच्या लेखाला इतिहासाचा लेख म्हणणे काहींना धाडसाचे वाटेल. माझे म्हणणे साधे आहे. पुसायचे काय आहे हे कळल्याशिवाय कशाने पुसायचे हे ठरत नाही. आणि काय आहे हे कळायचे तर ते आले कोठून, हे पाहावे लागते. ज्यांनी हे पाहिले नाही त्यांनी मोटारीच काय, याहून कितीतरी मोलाच्या वस्तू पुसता पुसता बिघडवल्या आहेत. त्यांतल्या एका वस्तूची हकीकत पुढे येईलच.

आधी रंगाचे बोलू. पहिल्या मोटारी बग्गीसारख्याच रंगवल्या जात. जवसाच्या तेलात शिजवलेल्या राळेचे वार्निश थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहायची, मध्ये घासायचे, पुन्हा द्यायचे. एक गाडी रंगून बाहेर पडायला महिना लागला तरी कोणाला नवल वाटत नसे. फोर्डसाहेबांना इतका धीर नव्हता. १९१४ नंतर दहा-बारा वर्षे त्यांनी आपली प्रसिद्ध मोटार काळ्या रंगाखेरीज दुसऱ्या रंगात काढलीच नाही. तो काळा रंग डांबरासारख्या खनिजापासून केलेला, भट्टीत तापवून पक्का करायचा. मग १९२३ साली अमेरिकेत ‘ड्यूको’ नावाचा रंग आला. तोफांच्या दारूसाठी कापूस आम्लात मुरवण्याची जी विद्या होती, तिच्याच घराण्यातला हा रंग. तो काही तासांत वाळे. महिन्याचे काम दिवसावर आले, आणि मोटारी निळ्या, हिरव्या, तांबड्या दिसू लागल्या.

ड्यूकोची एक खोड होती. त्यातला पातळ द्रव उडून गेला की तो वाळे; पण तसलाच द्रव पुन्हा लावला की तो पुन्हा विरघळे. म्हणून जुने ड्रायव्हर गाडीजवळ थिनरची बाटलीही आणू देत नसत. आजचे रंग वेगळे आहेत. ते वाळत नाहीत, त्यांचे कण एकमेकांत गुंफून घट्ट होतात, आणि घटकाभर लावलेले रॉकेल किंवा स्पिरिट त्यांना सहसा बाधत नाही. पण त्यांच्या वर एक पारदर्शक थर असतो, आणि गाडीची सारी झळाळी त्याच थराची. पत्र्यापासून वरपर्यंत सगळा रंग मिळून १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाचे दोन केस एकावर एक ठेवावेत इतका. त्यातला हा वरचा थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनांचा. त्यावर उठलेला प्रत्येक ओरखडा उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखा चमकतो. म्हणजे पूर्वी भीती विरघळण्याची होती, आता ओरखड्याची आहे. आपल्याकडच्या पुष्कळ लोकांची सवय मात्र जुन्या भीतीच्या काळातली राहिली आहे. ते स्पिरिटला भितात आणि कोरडे फडके बिनदिक्कत चालवतात.

नव्या गाडीवरचा पहिला थर आपण स्वतःच चढवतो. कारखान्याने वाटेतल्या धुळीपासून जपण्यासाठी टपाला आणि बॉनेटला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. आपल्या लोकांना तो नवेपणाची खूण म्हणून ठेवावासा वाटतो. वैशाखात पारा ४७ अंशांच्या पुढे जाणाऱ्या गावात तो ठेवणे म्हणजे गोंद रंगावर भाजून काढणेच होय. पापुद्रा निघतो, गोंद राहतो. तो नखाने किंवा पात्याने खरवडू नये. कोमट पाण्यात भिजवलेले फडके त्यावर ठेवावे, मग दोन थेंब खोबरेल तेल लावून दहा मिनिटे स्वस्थ बसावे. तेलाने गोंद मऊ पडतो, फडक्याला गोळा होऊन येतो, आणि उरलेले तेल साबणाच्या पाण्याने जाते. ही युक्ती बायकांना ठाऊकच असते. नव्या स्टीलच्या ताटावरची किमतीची चिठ्ठी त्या अशीच काढतात.

दुसरे, पूजेचे. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, चार हळदीची बोटे, झेंडूची माळ, वर नारळाचे पाणी. अस्सल कुंकू म्हणजे हळद आणि चुनखडीसारखा क्षार. हळद क्षाराला भेटली की लाल होते. वरणाचा डाग साबण लागताच लालभडक होतो तो याच कारणाने, आणि गृहिणी घाबरत नाही, कपडा उन्हात टाकते. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. गाडीचेही तेच. तेलातले स्वस्तिक साबणाच्या पाण्याने उतरवावे आणि पिवळी झाक उरली तर ती चार दिवस उन्हाकडे सोपवावी. बाजारातले पुष्कळसे कुंकू हल्ली हळदीचे नसून रासायनिक रंगाचे असते. ते मात्र उन्हाचे ऐकेलच असे नाही, म्हणून ते त्याच संध्याकाळी धुतलेले बरे. देवाचा राग येणार नाही. पूजा झाली की निर्माल्य काढायचेच असते.

यापुढचे थर आपल्या हातचे नाहीत. सर्वांत जुना थर जंगलाचा. १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा जंगलाचा मोठा भाग तिकडे गेला, पण झाडांना जिल्ह्याची सीमा कळत नाही. ताडोब्याच्या वाटेवर किंवा आलापल्लीकडे चैत्रात मोहाखाली गाडी उभी करून पाहावी. तासाभरात टपावर फुलांचा सडा पडतो आणि गाडी गुळात बुडवून काढल्यासारखी होते. ती साखर आहे, पाण्याने जाते. धावड्याचा डिंक, ज्याचे लाडू बाळंतिणीला देतात, तोही पाण्यात फुगतो आणि निघतो. लाख मात्र पाण्याला दाद देत नाही. ती स्पिरिटात विरघळते. सालईचा चीक दोन्हींच्या मधला, थोडा डिंक आणि थोडी राळ, म्हणून नुसत्या पाण्याने अर्धाच जातो. डिंक आणि राळ यांतला हा भेद गोंड आणि माडिया माणसाला पुस्तकावाचून कळतो, कारण त्यावर त्याचा बाजार चालतो. आणि बिब्बा तर सर्वांवर कडी. बिब्ब्याच्या तेलाने परीट कपड्यांवर खूण करीत, ती कपडा फाटेपर्यंत राही. जपानी कारागीर ज्या झाडाच्या चिकाने आपल्या काळ्या झळाळत्या पेट्या रंगवतात, ते झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातले. जे एका घरी डाग, तेच दुसऱ्या घरी रंग.

लाखेचा विषय निघाला म्हणून, मघाशी कबूल केलेली हकीकत सांगतो. पळसावर, बोरीवर आणि कुसुंबावर एक बारीक किडा जी राळ सोडतो ती लाख. ती शुद्ध करून पत्र्यासारखी पातळ केली की चपडा. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांत तोच असे, आणि कपाटाला पॉलिश चढे तेही त्याचेच. १९२० साली निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन जाणत्या कारागिरांना बोलावले. दोन हिवाळे ते तेथे राहिले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी भिंतीला पक्का बसवला, त्या कामाचे उपकार आजही आहेत. पण रंगाचे पापुद्रे जागच्या जागी राहावेत आणि चित्र उजळून दिसावे म्हणून त्यांनी चपड्याचे वार्निश दिले. त्या वेळी चित्रे खरोखरच उजळली. पुढे काय व्हायचे ते झाले. चपडा वर्षावर्षाला पिवळा, मग तपकिरी होत गेला. त्यात वटवाघळांची घाण आणि हवेतली धूळ अडकली. पाहणारे म्हणू लागले, प्राचीन चित्रकारांना काळोखे रंगच आवडत असावेत!

पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांवर हे वार्निश काढण्याची पाळी आली, आणि ते काम कित्येक दशके चालले. अडचण लक्षात घ्या. अजिंठ्याचा रंग ओल्या चुन्यात मुरवलेला नाही. कोरड्या गिलाव्यावर डिंक-सरसाच्या बांधणीने बसवलेला आहे. म्हणजे वरचा थर स्पिरिटाने सुटणारा आणि खालचा पाण्याने सुटणारा. पाणी लावले तर चित्र जाईल, घासले तर दोन्ही जातील. म्हणून कापसाचा लहान बोळा द्रावात भिजवायचा, चित्रावर घासायचा नाही, नुसता फिरवायचा; बोळा तपकिरी झाला की टाकायचा, दुसरा घ्यायचा; आणि त्यावर चित्रातल्या रंगाचा अंश दिसला की त्याच क्षणी हात थांबवायचा. दिवसभरात वीतभर जागा मोकळी झाली तरी पुष्कळ. चेक्कोनींना मी दोष देणार नाही. त्यांच्या काळी युरोपात वार्निश हेच औषध होते. पण नव्या गाडीवर दर महिन्याला नवनवे ‘चकाकी’चे रसायन चोपडणाऱ्या माणसाला अजिंठ्याची एकदा आठवण करून द्यावीशी वाटते.

आता पुन्हा चांद्याकडे. जंगलाच्या वरचा थर कोळशाचा आणि लोखंडाचा. वर्धेहून वरोऱ्याला १८७७ साली आगगाडी आली ती माणसांसाठी नव्हे, कोळशासाठी. वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद पडली, पण तोवर बल्लारपूरकडे कोळसा निघू लागला होता, आणि पुढे वर्धा नदीच्या काठाकाठाने खाणींची माळच लागली. लोखंडाची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. १८८२ साली जमशेटजी टाटांच्या हाती एका जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा अहवाल पडला, आणि त्यात लिहिले होते की चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याचे खनिज फार उत्तम आहे. जवळच वरोऱ्याचा कोळसा! टाटांच्या मनात पोलादाच्या कारखान्याने घर केले ते या अहवालाने. पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उतरला नाही, सरकारच्या अटीही जाचक होत्या, आणि त्यांच्या मृत्यूनंतर कारखाना उभा राहिला तो दूर साकचीला. साकचीचे जमशेदपूर झाले, आणि आमचे लोहारे लोहारेच राहिले. याबद्दल हळहळणारे लोक अजून आहेत. मी त्यांच्यातला नाही. लोखंड आमच्या वाट्याला आले नाही असे म्हणायला, आमच्या मोटारींकडे निदान एकदा नीट पाहायला हवे.

पांढऱ्या गाडीवर हे चांगले दिसते. मोहरीहूनही बारीक तांबूस ठिपके रंगात रुतलेले असतात. धुतले तरी जात नाहीत, बोट फिरवले तर वाळूच्या कागदासारखे लागतात. हे लोखंडाचे कण. आगगाडीची चाके, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून ते उडतात, भट्ट्यांतून येतात, आणि अलीकडे सुरजागडचे खनिज वाहणाऱ्या मालमोटारींनी वाटेतली झाडेसुद्धा तांबडी करून टाकली आहेत. खनिजाची ती धूळ निदान पाण्याने जाते. धातूचा कण मात्र तापलेला असेल तर रंगात शिरतो, मग दवाने गंजतो, गंजून फुगतो. रेल्वेने गाड्या पाठवणाऱ्या परदेशी कारखान्यांनाही याच ठिपक्यांनी रडवले होते. त्यावर उपाय निघाला जपानात, एका जातीच्या चिकणमातीचा. साबणाचे पाणी लावून ती वडी रंगावरून हलक्या हाताने सरकवायची. कण मातीत अडकून उपटून येतात, रंग खरवडला जात नाही. दुसरा उपाय रसायनाचा आहे. ते फवारले की लोखंडाशी संयोग होऊन जांभळे ओघळ येतात, जणू गाडीने जांभळे खाल्ली आहेत. त्याची दुर्गंधी मात्र इतकी, की दिवाळीच्या दिवसांत शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे.

आणि सर्वांत वरचा थर १९८३ सालचा. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. दुर्गापूरला औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला, आणि आवारपूरला सिमेंटचा मोठा कारखाना चालू झाला. त्यानंतर एकामागून एक कारखाने उभे राहिले. वीज केंद्र वाढत वाढत २,९२० मेगावॅटवर पोचले. आपल्या कोळशात शंभर भागांत तीस-चाळीस भाग राखच असते. म्हणजे गाडीभर कोळसा जाळावा आणि तिसरा हिस्सा राख उरावी, असा हा व्यवहार. बरीचशी राख यंत्रांनी धरली जाते, पाण्याबरोबर तलावात सोडली जाते, विटा-सिमेंटला जाते. उरलेली आमच्याकडे येते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक भागांची तपासणी केली, तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण देऊन चौथ्या क्रमांकावर बसवले. वरून चौथा क्रमांक! परीक्षेत इतके गुण मिळवून कोणाला इतके वाईट वाटले नसेल.

माझ्या भाच्याने गेल्या दसऱ्याला काळी गाडी घेतली. चांद्यात काळी गाडी घेऊ नये हे त्याला तीन जणांनी सांगितले होते, पण तरुण माणूस. पाचव्या दिवशी तो हातात पिवळे फडके घेऊन बाहेर निघाला, तेवढ्यात माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची आई, ओसरीवरून ओरडली, “कोरडं फडकं लावशील तर खबरदार! आधी पाणी ओत.”

“आई, नुसती धूळ तर आहे.”

“धूळ नाही ती. राख आहे. राखेनं मी चाळीस वर्षं भांडी घासली, मला शिकवू नको. मामाला विचार हवं तर.”

मामाला विचारायची गरज नव्हती. भांडी राखेने का निघतात याचे उत्तर आमच्या ताईने एका वाक्यात देऊन टाकले होते. दगडी कोळशाची राख म्हणजे सूक्ष्म काच. भट्टीच्या आगीत वितळून थेंब झालेली आणि हवेत गोठलेली. तिच्यात गारगोटीचेही कण असतात. ती रंगापेक्षा किती तरी कठीण. फडके कोरडे फिरवले की आपण स्वतःच्या हाताने गाडी घासून काढतो. म्हणून आधी भरपूर पाणी, वरून खाली, हात न लावता. मग साबणाचे पाणी, दोन बादल्या घेऊन. एक साबणाची, दुसरी फडके खंगाळण्याची. खंगाळल्यावाचून फडके पुन्हा गाडीला लागता कामा नये. हे सावलीत करावे, पत्रा गार असताना.

सिमेंटची गोष्ट आणखी निराळी. आवारपूर, गडचांदूर, घुग्घूस या बाजूला रात्रभर गाडी उघड्यावर राहिली, की सिमेंटच्या धुळीवर पहाटेचे दव पडते, आणि सिमेंट आपला धर्म सोडत नाही, ते आळते. पांढरट खडबडीत ठिपके. पाण्याने जात नाहीत, साबणाने जात नाहीत, खरवडले तर रंगासकट निघतात. याला आंबट हवे. भाच्याने दुकानातून महागडी बाटली आणण्याची तयारी केली होती, ताईने स्वयंपाकघरातून पांढरे व्हिनेगर दिले. एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी, फडके भिजवून ठिपक्यावर पाच मिनिटे ठेवायचे, मग भरपूर पाण्याने धुवायचे, पुन्हा ठेवायचे. तिसऱ्या खेपेला ठिपका पिठासारखा झाला. ती पितळेच्या समया चिंचेने उजळते तेच हे शास्त्र, फक्त चिंच गाडीला लावू नये. तिच्या शिरा ओरखडे पाडतात.

गाडी स्वच्छ झाली. भाच्याची मुलगी सातवीत आहे. तिला गाडीपेक्षा बादलीच्या तळाशी बसलेल्या गाळात जास्त रस होता. आपले हे पाणी मोरीतून नाल्यात, नाल्यातून झरपट नदीत, झरपटीतून इरईत आणि इरईतून वर्धेत जाते, हे तिच्या पुस्तकात होते. गाळात काय असते ते नव्हते. तिने गाळ ताटलीत वाळवला. लोहचुंबक कागदात गुंडाळून वरून फिरवला, तर काळ्या कणांची मिशी उभी राहिली. राखेतही लोखंडाचा अंश असतो, म्हणून ती सगळी मिशी रुळांची नव्हे, हे मी तिला सांगितले. उरलेल्यावर व्हिनेगरचे थेंब सोडले, तर कोठे कोठे बारीक फेस आला; तो चुन्याचा. मग शाळेतून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली बाकीचे ठेवले. बराच वेळ ती काही बोलली नाही.

“आजोबा, हे मणी आहेत.”

मी पाहिले. खरोखर मणी होते. गोल, स्वच्छ, काचेचे, काही पोकळ. सराफाने निवडून ठेवावेत असे.

“सगळ्यांत लहान केवढे असतात?” तिने विचारले.

“या यंत्रातून दिसणार नाहीत इतके.”

“मग ते गाडीवर बसत असतील का?”

“काही बसतात. फार बारीक असतात ते तरंगत राहतात.”

“म्हणजे नाकात जातात.”

“जातात,” मी म्हणालो.

तिने तीन पुड्या बांधल्या, त्यांवर ‘लोखंड’, ‘चुना’ आणि ‘राख’ असे लिहिले, आणि सुट्टी संपल्यावर बाईंना दाखवायला म्हणून कंपासपेटीत ठेवल्या.